पोटगी ठरवताना कोर्ट नेमका कोणता पगार धरतं? (मुंबई, वांद्रे कौटुंबिक न्यायालय)

भांडुप_पश्चिम

जाणकारांनी कृपया आकड्यांसकट सांगावं. हिंदू विवाह, मुलगा नऊ वर्षांचा, आईजवळ. नवरा-बायको ऑक्टोबरपासून वेगळे राहतात. ती भांडुपला माहेरी, तो मुलुंडच्या फ्लॅटमध्ये. फ्लॅट दोघांच्या नावावर, गृहकर्जही दोघांच्या नावावर, हप्ता ३८,००० त्याच्या खात्यातून जातो. त्याच्या सॅलरी स्लिपवर एकूण १,४२,०००. तिच्या हातात २८,००० येतात.

त्याचं म्हणणं असं: कापून-छाटून खात्यात ९६,७०० येतात, हप्ता गेला की ५८,७०० उरतात, बायको कमावती आहे, तेव्हा फार तर मुलाचे आठ हजार देईन.

प्रश्न असे आहेत. १) कोर्ट १,४२,००० धरणार की ५८,७००? २) अर्ज कुठल्या कायद्याखाली करायचा? कोणी म्हणतं तिन्हीकडे टाका. ३) फ्लॅटचं काय? ४) आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर?

कागदोपत्री

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावरच सविस्तर लिहितो. दोन्ही आकडे चुकीचे आहेत.

स्लिप समोर घ्या आणि कपातीच्या रकान्यावर पेन्सिलने दोन खुणा करा: सक्तीची कपात आणि मर्जीची कपात. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून स्लिप साधारण अशी असणार. मूळ पगार ६०,००० असेल तर पीएफ १२ टक्क्यांनी ७,२००. प्रोफेशनल टॅक्स २००. टीडीएस १०,९००च्या आसपास. इथवर सक्तीची कपात, एकूण १८,३००. १,४२,००० मधून ती वजा केली की १,२३,७०० उरतात. कोर्टाची आकडेमोड इथून सुरू होते.

मग खात्यात ९६,७००च का येतात? मधले २७,००० कुठे गेले ते स्लिपवरच दिसेल. बहुतेक वेळा पतपेढीच्या कर्जाचा हप्ता असतो आणि व्हीपीएफ, म्हणजे मर्जीने वाढवलेला पीएफ. व्हीपीएफ ही त्याची स्वतःचीच बचत आहे, ती खर्चात धरता येत नाही. पतपेढीच्या कर्जाची मंजुरीची तारीख बघा. वेगळं राहायला लागल्यानंतर किंवा नोटीस मिळाल्यानंतर कर्ज काढलं असेल तर तो मुद्दा अर्जात ठळक मांडा. कर्ज आधीचं आणि घरासाठीच काढलेलं असेल तर न्यायाधीश त्याचा काही अंशी विचार करतात, तेव्हा ते खोटंच आहे असं लिहून बसू नका.

गृहकर्जाचा हप्ता सरसकट वजा होत नाही. त्यातून मालमत्ता उभी राहते. पण तुमच्या प्रकरणात फ्लॅट दोघांचा आहे, त्यामुळे तो फेडत असलेल्या हप्त्यातून तिचाही हिस्सा तयार होतोय. हा मुद्दा त्याचा वकील मांडणारच आणि त्यात तथ्य आहे. तयारी ठेवा.

आता एक गोष्ट जी बहुतेक जण बघत नाहीत. स्लिप एका महिन्याची असते. फॉर्म १६, म्हणजे कंपनी देते ते वर्षाच्या पगाराचं आणि कापलेल्या कराचं प्रमाणपत्र. त्याच्या भाग बी मध्ये वर्षाचा ढोबळ पगार असतो. स्लिपचे १,४२,००० गुणिले १२ म्हणजे १७,०४,०००. फॉर्म १६ वर समजा १८,६०,००० दिसले तर वरचे १,५६,००० बोनस किंवा इन्सेन्टिव्ह आहे, म्हणजे महिन्याला १३,००० जास्त. फक्त स्लिप जोडली तर हे पैसे कोणाच्या डोळ्यांसमोर येतच नाहीत. म्हणून मागताना तीन वर्षांचे फॉर्म १६, प्राप्तिकर विवरणपत्रं, फॉर्म २६एएस (प्राप्तिकर खात्याकडची कराची नोंद) आणि सगळ्या खात्यांची स्टेटमेंट मागा. फक्त पगाराच्या खात्याचं स्टेटमेंट नको.

हे मागण्याचा आधार म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा ४ नोव्हेंबर २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा निकाल. प्रकरण आपल्या नागपूरचंच. त्यात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देणी उघड करणारं शपथपत्र देणं बंधनकारक केलं आणि त्याचा नमुनाही निकालाला जोडला. समोरच्याला उत्तर आणि शपथपत्रासाठी जास्तीत जास्त चार आठवडे. तो टाळत राहिला तर दोनपेक्षा जास्त वेळा संधी देऊ नये, आणि जाणूनबुजून वेळ काढतोय असं दिसलं तर त्याचा बचाव काढून टाकता येतो. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही त्याच निकालात आहे. म्हणून अर्ज लांबवू नका. गेलेले महिने सहसा परत मिळत नाहीत.

कागदोपत्री

वरच्यात राहिलं. मुलाचा खर्च लिहिताना होणारी चूक म्हणजे वार्षिक आकडा मासिक रकान्यात टाकणं. शाळेची फी ८४,००० वर्षाची असेल तर रकान्यात ७,००० लिहायचे. उदाहरण घ्या: फी ७,०००, बस २,२००, क्लास २,५००, वह्या-पुस्तकं-गणवेश वर्षाचे १२,००० म्हणजे १,०००, खाणं-दूध-कपडे ४,०००, औषधं आणि मेडिक्लेम १,२००, खेळ-छंद ५००. एकूण १८,४००. प्रत्येकाची पावती किंवा यूपीआयची नोंद हवी. पावती नसलेला खर्च लिहिला तरी चालतो, पण तो माफक असावा.

आई कमावती असेल तर मुलाचा खर्च दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटला जाऊ शकतो. १,२३,७०० आणि २८,००० मिळून १,५१,७००. त्यात त्याचा वाटा साडेएक्क्याऐंशी टक्के. १८,४०० चे तेवढे टक्के म्हणजे सुमारे १५,०००. म्हणजे 'मुलाचे आठ हजार' हा आकडा त्याच्याच स्लिपवर टिकत नाही. हे नुसतं मुलाचं झालं, तिची स्वतःची पोटगी वेगळी.

तिच्या शपथपत्रात २८,००० पूर्ण लिहा. एफडी, म्युच्युअल फंड, पोस्टातलं खातं, आईबरोबरचं जॉइंट खातं, सगळं. एक दडवलेलं खातं उलटतपासणीत निघालं की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. खोट्या शपथपत्रावर फौजदारी कारवाईही होऊ शकते.

रोजनामा

'कमावती आहे म्हणून काही मिळणार नाही' हे चूक आहे, आधी ते स्पष्ट करते. कायद्यातले शब्द 'स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ' असे आहेत. त्याचा अर्थ रस्त्यावर येणं असा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या चतुर्भुज विरुद्ध सीताबाई निकालात सांगितलं. वेगळं होण्याआधी ज्या पद्धतीने राहत होती त्याच्याशी तुलना होते. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये, पत्नी नोकरी करते एवढ्यावरून तिला पतीच्या आधारापासून वंचित ठेवता येणार नाही, असं म्हटलं. तिची कमाई रक्कम कमी करते, हक्क संपवत नाही.

आता कुठला अर्ज. ती भांडुपला राहते, म्हणजे बृहन्मुंबईच्या हद्दीत, म्हणजे वांद्रे पूर्वेचं बीकेसीतलं कौटुंबिक न्यायालय. तिथे अर्जांना अक्षरं आहेत. घटस्फोटाचा दावा 'ए पिटीशन', परस्पर संमतीचा 'एफ', आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ ची पोटगी 'ई पिटीशन'. १ जुलै २०२४ पासून १२५ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. अर्जावर नवं कलम लिहा. जुनं लिहिलं म्हणून अर्ज फेटाळत नाहीत, पण ऑफिस त्रुटी काढतं आणि एक फेरी वाया जाते.

घटस्फोट नको असेल तर ई पिटीशन पुरेशी आहे. घटस्फोटाचा किंवा न्यायिक विभक्ततेचा दावा कोणीही टाकला असेल तर त्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागायचा. खर्च मागायला लोक विसरतात. कलम २४ चा जीव मुख्य दाव्यात असतो. दावा मागे घेतला गेला किंवा निकाली निघाला की पुढची अंतरिम पोटगी थांबते. नवऱ्याने ए पिटीशन टाकली आणि पोटगीचा आदेश झाल्यावर ती मागे घेतली, असं होऊ शकतं. म्हणून स्वतःची ई पिटीशन असलेली बरी.

कौटुंबिक हिंसाचार झाला असेल तर २००५ च्या कायद्याखाली दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, तिथे कलम २० मध्ये पैसे आणि कलम १९ मध्ये राहण्याचा हक्क. हिंसाचार झालेला नसेल तर केवळ दबावासाठी हा अर्ज टाकू नका. खऱ्या पोटगीच्या मागणीचं वजन त्याने कमी होतं.

तिन्हीकडे टाकलं तर तीन पोटग्या मिळत नाहीत. आधीचा आदेश पुढच्या अर्जात सांगणं बंधनकारक आहे आणि ती रक्कम वळती होते. तीन ठिकाणच्या तारखा, तीन ठिकाणची वकीलपत्रं आणि नोकरीतल्या रजा, हा हिशेबही आधी करा.

खर्चाचं: महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट वगैरे दाव्यांत महिलांना कोर्ट फी माफ आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्यासाठी महिलेला उत्पन्नाची अटही नाही.

उशीर कुठे होतो? समन्स बजावणीत. पत्ता अपुरा, बिल्डिंगचं नाव बदललेलं, घर बंद, बेलीफ परत. अर्जात घराचा आणि ऑफिसचा, दोन्ही पत्ते द्या, ईमेल आणि मोबाइल द्या, आणि पहिल्याच तारखेला हमदस्त मागा, म्हणजे समन्स स्वतः घेऊन बजावता येतं. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकाली काढावा असं कलम सांगतं. प्रत्यक्षात बोर्डावरची गर्दी बघता जास्त लागतात, पण बजावणीच झाली नाही तर ते साठ दिवस मोजायलाच सुरुवात होत नाही.

मुलुंड_चेकनाका

सोपं गणित आहे, पगाराच्या २५ टक्के. बाकी सगळं वकिलांचं.

कागदोपत्री

@मुलुंड_चेकनाका, तसा नियम नाही. २०१७ च्या कल्याण डे चौधरी निकालात सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम रास्त ठरेल असं म्हटलं, आणि लोक तेवढंच वाक्य फिरवतात. त्याच निकालात नवऱ्याचा निव्वळ पगार ९५,५२७ होता आणि उच्च न्यायालयाने ठरवलेले २३,००० कमी करून २०,००० केले, कारण त्याच्यावर दुसऱ्या कुटुंबाची जबाबदारी आली होती. म्हणजे प्रत्यक्षात २१ टक्केच. उलट २०२५ च्या राखी साधुखान प्रकरणात महिना ५०,००० आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ दिली.

तरी अंदाज बांधायला २५ टक्के उपयोगी पडतात हे मान्य. आणि इथेच पाया किती महत्त्वाचा ते दिसतं. १,२३,७०० चे २५ टक्के ३०,९२५. ५८,७०० चे २५ टक्के १४,६७५. टक्केवारी तीच, रक्कम निम्म्याहून कमी. म्हणून त्याची सगळी धडपड टक्क्यांवर नसते, पाया खाली आणण्यावर असते. तुमची मेहनतही तिथेच लागायला हवी.

अर्जात वार्षिक वाढही मागून ठेवा. मुलगा नऊचा आहे, दहावीला पोचेपर्यंत फी आणि क्लास कुठे जातील याचा विचार करा. वाढीची तरतूद आदेशात नसेल तर दर वेळी बदलासाठी नवा अर्ज आणि नव्या तारखा.

भांडुप_पश्चिम

खूप आभार. स्लिप बघितली, व्हीपीएफ १२,००० आणि पतपेढी १५,०००. पतपेढीचं कर्ज नोव्हेंबरमधलं, म्हणजे वेगळे झाल्यानंतरचं आहे. फ्लॅटबद्दल कोणी सांगेल का? तो 'फ्लॅट तुझ्या नावावर करतो, मग पोटगी मागू नकोस' म्हणतोय.

सोसायटी_सचिव

फ्लॅटवर लिहितो. आधी हे लक्षात घ्या की कोर्टाचा आदेश नवरा-बायकोला बांधतो, बँकेला नाही. संमतीच्या अटींत, म्हणजे दोघांनी मिळून कोर्टात लिहून दिलेल्या तडजोडीत, 'पुढचे हप्ते पती भरेल' लिहिलं तरी कर्जाच्या करारावर तिची सही आहे. त्याने दोन हप्ते चुकवले तर सिबिल तिचंही बिघडतं आणि वसुलीचा फोन तिलाही येतो.

'नावावर करतो' ऐकायला गोड आहे, पण कर्ज किती शिल्लक आहे ते आधी विचारा. २८,००० पगारावर ३८,००० हप्त्याचं कर्ज बँक तिच्या एकटीच्या नावावर करणार नाही. म्हणजे फ्लॅट तिचा, कर्ज दोघांचं, हप्ता त्याच्या मर्जीवर आणि पोटगी सोडलेली. यात ती सगळीकडून अडकते. हा प्रस्ताव स्वीकारायचाच तर आधी बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र काढा, मग एकरकमी द्यायच्या रकमेतून कर्ज फेडलं जाईल, बोजा उतरेल, मूळ कागद बँकेतून सुटतील आणि त्यानंतर तो आपला हिस्सा तिला देईल, असा क्रम अटींत लिहा. क्रम उलटा झाला की अडचण.

हिस्सा देताना वेळ महत्त्वाची. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायको, मुलं यांना बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, नोंदणीचा आणि इतर आकार वेगळा. पण ही सवलत 'पती' आणि 'पत्नी'साठी आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की ते नातं उरत नाही. म्हणून बक्षीसपत्राची नोंदणी अंतिम हुकूमनाम्याच्या आधी करून घेतात. नोंदणीनंतर इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) घ्या आणि सोसायटीत हस्तांतराचा अर्ज द्या. शेअर सर्टिफिकेटवर नाव लागेपर्यंत मेंटेनन्सचं बिल दोघांच्या नावाने येत राहतं आणि थकबाकी असेल तर हस्तांतर अडतं. ती कोण भरणार हेही अटींत हवं.

विकून, कर्ज फेडून उरलेले पैसे वाटून घेणं हा कमी गुंतागुंतीचा मार्ग आहे. भावनेपोटी फ्लॅट धरून ठेवू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दोघांच्या नावावर असल्यामुळे तिच्या सहीशिवाय तो विकू शकत नाही, ही जमेची बाजू. त्याच्या एकट्याच्या नावावर असता तर लिस पेंडन्सची, म्हणजे दावा चालू असल्याची, नोटीस निबंधकाकडे नोंदवावी लागली असती. मुंबईत ती नोंदवल्याशिवाय पुढच्या खरेदीदाराला अडवणं कठीण जातं.

रोजनामा

सचिवांच्या मुद्द्याला जोडून. मुलाची पोटगी आई सोडून देऊ शकत नाही. तो मुलाचा स्वतंत्र हक्क आहे. 'फ्लॅट घे, मुलासाठी काही मागू नकोस' असं लिहून घेतलं तरी उद्या मुलाच्या वतीने अर्ज करता येतो. त्यामुळे अशी अट नवऱ्यालाही संरक्षण देत नाही, हे त्यालाही समजावून सांगा. मुलाची रक्कम वेगळ्या कलमात, वेगळ्या आकड्याने लिहावी.

तिच्या लग्नातले दागिने आणि माहेरून आलेल्या वस्तू हे स्त्रीधन आहे. ते पोटगीचा भाग म्हणून मोजू देऊ नका. यादी, फोटो, सोनाराची बिलं जोडून वेगळी मागणी करा.

एकरकमी की मासिक? प्राप्तिकराच्या बाजूने फरक आहे. मासिक पोटगी तिच्या हाती करपात्र उत्पन्न धरली जाते आणि एकरकमी रक्कम भांडवली असल्याने करपात्र नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने महेश्वरी देवी यांच्या प्रकरणात सांगितलं. देणाऱ्याला दोन्हीत वजावट नाही. एकरकमी असेल तर अटींत 'कायमस्वरूपी एकरकमी पोटगी' असे स्पष्ट शब्द असावेत.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात पैसे कधी द्यायचे यावरच बहुतेक भांडणं होतात. दुसऱ्या जबाबापर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते. आधी सगळे दिले तर नवरा धास्तावतो, शेवटी द्यायचे ठरले तर बायको. सरळ मार्ग म्हणजे डिमांड ड्राफ्ट कोर्टात जमा करणं आणि हुकूमनामा झाल्यावर तिने उचलणं. दोन जबाबांमधला सहा महिन्यांचा थांबा २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानुसार माफ होऊ शकतो, पण वेगळं राहून दीड वर्ष झालेलं असावं आणि पोटगी, ताबा, सगळं मिटलेलं असावं. ऑक्टोबरपासून मोजा.

कांजूर_पूर्व

नवऱ्याच्या बाजूने विचारतो. अंतरिम आदेश २५,००० चा आहे आणि नोकरी गेली. नव्या ठिकाणी पगार निम्मा. द्यायचं बंद केलं तर काय होतं?

दरखास्त

बंद करू नका. आदेश बदलून घेईपर्यंत दर महिन्याला तेवढीच थकबाकी चढत राहते. नोकरी गेल्याचं पत्र, हिशेबाचा शेवटचा कागद, नव्या नोकरीचं नियुक्तीपत्र आणि तीन स्लिप जोडून लगेच बदलाचा अर्ज द्या. १४४ चा आदेश असेल तर कलम १४६ खाली, २४ चा असेल तर त्याच दाव्यात. अर्ज चालू असताना झेपेल तेवढी रक्कम बँकेतूनच भरत राहा. रोख देऊ नका, पुराव्याला काही राहत नाही. राजीनामा स्वतःहून दिला असेल तर अर्ज कठीण जातो. धडधाकट माणसाने कमवावं, ही सर्वोच्च न्यायालयाची भूमिका २०२२ च्या अंजू गर्ग निकालात पुन्हा आली आहे. आणि नवऱ्याला स्वतःलाच उत्पन्न नसेल, बायकोला असेल, तर हिंदू विवाह कायद्याची कलमं २४ आणि २५ नवऱ्यासाठीही आहेत. औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये शिक्षिका पत्नीने पतीला अंतरिम पोटगी देण्याचा आदेश कायम ठेवला.

आता मूळ प्रश्नातला चौथा मुद्दा, वसुली. माझ्या मते इथेच लोक सर्वात जास्त गाफील असतात, कारण आदेश हातात आला की काम झालं असं वाटतं.

आदेशाची प्रमाणित नक्कल लगेच मागा आणि शेवटचं पान, जिथे प्रत्यक्ष हुकूम लिहिलेला असतो, ते बारकाईने वाचा. पाच गोष्टी तिथे हव्यात: कोणत्या तारखेपासून, दर महिन्याच्या कितव्या तारखेपर्यंत, कुठल्या खात्यात, मागची थकबाकी किती हप्त्यांत, आणि शाळेची फी या रकमेत धरली आहे की वेगळी. शेवटची गोष्ट मोघम राहिली तर तो फी परस्पर शाळेत भरतो आणि तेवढी रक्कम पोटगीतून कापतो. मग दोन वर्षं हिशेबावर भांडण. शंका असेल तर लगेच दुरुस्तीचा किंवा स्पष्टीकरणाचा अर्ज द्या.

मग एक तक्ता ठेवा. पाच रकाने: महिना, देय रक्कम, आलेली रक्कम, आल्याची तारीख, एकूण बाकी. बँक स्टेटमेंटवर तीच नोंद मार्करने रंगवा. दरखास्तीला, म्हणजे वसुलीच्या अर्जाला, हा तक्ता जोडला की न्यायाधीशांना दोन मिनिटांत कळतं. तक्ता नसेल तर 'मी दिलेत', 'नाही दिले' यात तीन तारखा जातात.

१४४ च्या आदेशाची थकबाकी असेल तर वॉरंटचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करायचा. ही मुदत लोक हमखास चुकवतात. सहा महिने थकले की करून टाका. एकदा अर्ज मुदतीत दाखल झाला की त्यानंतर चढणारी बाकी त्याच अर्जात धरून मागता येते, दर वर्षी नवा अर्ज लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये शांता प्रकरणात सांगितलं. न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून बाकी फिटत नाही.

नोकरदार माणसासाठी तुरुंगापेक्षा पगारजप्ती जास्त कामाची. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे एरवी पगाराचा मोठा भाग जप्तीपासून सुरक्षित असतो, पण पोटगीच्या हुकूमनाम्यात फक्त एक तृतीयांश सुरक्षित. उरलेल्या दोन तृतीयांशापर्यंत हात जातो. आदेश त्याच्या कंपनीला जातो आणि कंपनीने कापून कोर्टात भरायचं. त्यासाठी कंपनीचं नोंदणीकृत नाव आणि पगार वाटप करणाऱ्या कार्यालयाचा पत्ता अचूक लागतो. स्लिपवर ब्रँडचं नाव असतं आणि पगार देणारी कंपनी दुसरीच, असं असू शकतं. खरं नाव फॉर्म १६ वर मिळतं. पीएफच्या खात्यावर मात्र विसंबू नका, त्याला जप्तीपासून कायद्याचं संरक्षण आहे. व्हीपीएफमध्ये पैसे वळवण्याचं एक कारण हेही असू शकतं.

@भांडुप_पश्चिम, तुमच्या प्रकरणात नोव्हेंबरच्या पतपेढी कर्जाची रक्कम कुठल्या खात्यात जमा झाली आणि तिथून कुठे गेली, त्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट आधी मागा.

भांडुप_पश्चिम

पगाराच्या खात्यात जमा झाल्याचं दिसत नाही. म्हणजे दुसरं खातं असणार.

कागदोपत्री

मग पतपेढीलाच कागद हजर करण्याचं समन्स मागा: कर्जाचा अर्ज, त्यात लिहिलेलं कारण, जामीनदार आणि रक्कम ज्या चेकने किंवा खात्यात दिली त्याची नोंद. कर्जाच्या अर्जावर माणूस स्वतःचं उत्पन्न सहसा पूर्ण लिहितो, कारण तिथे त्याला जास्त दाखवायचं असतं. तो कागद आणि पोटगीचं शपथपत्र शेजारी शेजारी ठेवा. आकड्यांत तफावत असेल तर उलटतपासणीचा पहिला प्रश्न तोच ठेवायला वकिलांना सांगा.